आल्प्सच्या तीन घाटांतून एक दिवस

पस्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृताच्या जोडीला भूगोलहि शिकविला. फळ्यावर युरोपचा नकाशा काढावयाचा, मध्यभागीं आल्प्सची जाड रेघ ओढावयाची आणि तिच्यापासून निळ्या खडूनें चारी बाजूंस नद्या सोडावयाच्या, हा माझा दरवर्षींचा पाठ असे. ‘या नद्या हिमांतून निघतात, म्हणून उन्हाळ्यांत आटत नाहींत, हिम अक्षय आहे,’ हें वाक्य मी इतक्या वेळां बोललों कीं, पुढें पुढें तें विचारावांचून तोंडांतून बाहेर पडे. त्यांतील शेवटचे तीन शब्द खरे नव्हेत, हें मला सन २०२३ च्या जुलै महिन्यांत, एका दिवसाच्या प्रवासांत, माझ्या नऊ वर्षांच्या नातीपाशीं कबूल करावें लागलें. त्या दिवसाची हकीकत वाचकांस सादर करावी, एवढ्याचसाठीं हा लेख.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्यें असतात. त्यांच्याकडे आम्ही उभयतां उन्हाळ्यापुरते गेलों असतां त्यांनीं आम्हां दोघांची व नातीची मिळून तीन आसनें एका दिवसाच्या सफरींत राखून ठेवलीं. सात उतारूंची एक लहान मोटार, तिचा चालक तोच वाटाड्या, सकाळीं आठास इंटरलाकेन गांवाहून निघावयाचें आणि तीन घाट ओलांडून सायंकाळीं सहाच्या सुमारास परत यावयाचें, असा बेत होता. मला तो प्रथम रुचला नाहीं. “डोंगर दाखविण्यासाठीं पैसे देऊन माणूस कशाला? डोंगर काय लपून बसला आहे?” असें मी म्हणालों. त्यावर चिरंजीव एवढेंच बोलले, “नाना, डोंगर दिसेल हो, पण आईला चढावर दम लागतो. पन्नास माणसांच्या बसला तिच्यासाठीं थांबतां येणार नाहीं. ही गाडी थांबेल.” या बोलण्याचा अर्थ मला दुपारीं कळला.

वाचकांनीं प्रथम वाट ध्यानांत घ्यावी, म्हणजे पुढील वर्णन समजण्यास सोपें जाईल. इंटरलाकेनहून ब्रिएंत्स सरोवराच्या कांठानें पूर्वेस मायरिंगेन व इनर्टकिर्खेन हीं गांवें लागतात. तेथून ग्रिम्झेल घाट (२१६४ मीटर) चढून पलीकडे ग्लेच येथें उतरावयाचें. मग फुर्का घाट (२४२९ मीटर), आंडरमाट गांव, शेल्लेनेनची दरी व वासेन. आणि शेवटीं झुस्टेन घाट (२२२४ मीटर) ओलांडून पुन्हां इनर्टकिर्खेनास यावयाचें. इनर्टकिर्खेन ते इनर्टकिर्खेन हें वर्तुळ सुमारें १२० किलोमीटरांचें आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच. म्हणजे फुर्क्याचा रस्ता त्याच्या जवळजवळ दीडपट उंचीवरून जातो. हे घाट साधारणतः जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच खुले असतात. एरवीं सारा रस्ता हिमाखालीं असतो.

गाडींत आम्ही तिघें, रॉटरडॅमकडील एक डच जोडपें व ब्राझीलच्या दोन तरुण बहिणी, अशीं सात माणसें होतों. वाटाड्या पन्नाशीचा, त्याच खोऱ्यांत जन्मलेला, मितभाषी गृहस्थ. गाडी सुरू करण्यापूर्वीं त्यानें प्रत्येकास दोन प्रश्न विचारले: किती चालवतें, आणि उंचीवर कांहीं त्रास होतो का. सौ.नें ‘कांहीं होत नाहीं’ म्हणून सांगून टाकलें. आमच्याकडील बायकांचें हें उत्तर ठरलेलेंच!

पहिला थांबा आरे नदीच्या घळईचा. मायरिंगेन व इनर्टकिर्खेन यांच्या मध्यें चुनखडीच्या दगडाचा एक आडवा बांध आहे. तो हजारों वर्षें कापीत कापीत नदीनें १.४ किलोमीटर लांबीची चीर पाडली आहे. तिच्या भिंती कांहीं ठिकाणीं १८० मीटरपर्यंत उंच आहेत, आणि अगदीं अरुंद जागीं दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडील खडकांस लागावेत. कड्याला लागून पायवाट बांधली आहे, तिच्यावरून आम्ही चाललों. खालीं पाणी राख कालविल्यासारखें करड्या रंगाचें. नातीनें “पाणी एवढें गढूळ कां?” असें विचारलें. वाटाड्यानें सांगितलें कीं, हिमनदी म्हणजे गोठलेली असूनहि आपल्या भारानें हळूहळू खालीं सरकणारी नदी. ती सरकतांना खालचा खडक दळला जातो, त्याचें हें पीठ आहे. ब्रिएंत्स सरोवर हिरवें-निळें दिसतें तें याच पिठामुळें. मीं हें मराठींत सांगतांच सौ. म्हणाली, “म्हणजे वर जातें चालू आहे म्हणायचं!” शाळेंत मला इतकी सोपी उपमा कधीं सुचली नव्हती.

पुढें ग्रिम्झेलचा चढ लागला. झाडी विरळ होत गेली आणि दोहों बाजूंस ग्रॅनाइटचे गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखे खडक दिसूं लागले. एका जागीं वाटाड्यानें गाडी थांबवून आम्हां सर्वांस त्या खडकावर हात फिरवावयास लावला. दगड घोटून काढल्यासारखा होता व त्यावर एकाच दिशेनें गेलेल्या बारीक रेघा होत्या. एके काळीं या जागीं हिम होतें व त्याच्या तळाशीं अडकलेल्या दगडांनीं या रेघा ओढल्या, असें तो म्हणाला. हें कोडें ज्यांनीं उलगडलें त्यांत लुई आगासी या स्विस शास्त्रज्ञाचें नांव मोठें आहे. १८४० सालीं येथून जवळच्या उंटरआर हिमनदीवर, एका प्रचंड शिळेच्या आडोशास बिऱ्हाड थाटून त्यानें हिमाच्या हालचालीचा अभ्यास चालविला. लोक त्या बिऱ्हाडास थट्टेनें ‘हॉटेल’ म्हणत. एके काळीं युरोपचा मोठा भाग हिमाखालीं होता, हें मत त्यानें त्याच वर्षीं ग्रंथरूपानें मांडलें.

आणखी वर ग्रिम्झेलचें सरोवर आहे. तें १९३२ सालीं पूर्ण झालेल्या ११४ मीटर उंचीच्या धरणानें अडविलेलें. हिमाच्या पाण्यावर येथें वीज निघते. जुन्या भिंतीच्या पुढ्यांत नवी भिंत उभारण्याचें काम त्या वेळीं चालू होतें.

घाटमाथ्यावर टोटनझे, म्हणजे ‘मृतांचें सरोवर’, या भयंकर नांवाचें एक शांत तळें आहे. त्याच्या कांठीं बसून आम्हीं फराळ सोडला. दशम्या व दाण्याची चटणी सहप्रवाशांसहि दिली; ब्राझीलच्या मुलींनीं चटणी पुन्हां मागून घेतली. वाटाड्या म्हणाला, “आपण आतां दोन समुद्रांच्या मध्यें बसलों आहों.” माथ्याच्या उत्तरेस पडलेला थेंब आरेंतून ऱ्हाइन नदीस मिळून उत्तर समुद्रास जातो, दक्षिणेस पडलेला रोन नदींतून भूमध्य समुद्रास. महाबळेश्वरास एकाच देवळांत पांच नद्यांचे उगम दाखवितात. त्यांतील सावित्री पश्चिमेस अरबी समुद्राकडे धांवते आणि कृष्णा-कोयना पूर्वेची वाट धरतात. जलविभाजक शिकवितांना मी नेहमीं हाच दाखला देत असें. परंतु नकाशावरची रेघ आणि जिच्यावर बसून दशमी खाल्ली ती रेघ यांत अंतर आहे!

डच गृहस्थानें आपला जन्म ऱ्हाइनवरील मालाच्या नौकांवर घालविला होता. उत्तरेकडे बोट करून तो म्हणाला, “हें माझ्या घराशेजारून जाणारें पाणी.” मागच्याच वर्षीं, म्हणजे २०२२ च्या ऑगस्टमध्यें, ऱ्हाइनचें पाणी इतकें उतरलें कीं नौकांना अर्धामुर्धा माल घेऊनच जावें लागलें, हें त्यानें सांगितलें. “पावसानें दगा दिला तरी उन्हाळ्यांत वरून हिमाचा हात असतो. तो हात अजून किती दिवस आहे, तें पाहावयास मी आलों आहें,” असें तो म्हणाला. सफरीस निघालेल्या माणसाच्या तोंडीं असें वाक्य मला अपेक्षित नव्हतें.

घाट उतरून आम्ही ग्लेच येथें आलों. एक जुनें दगडी हॉटेल, रुंद उघडा माळ आणि त्यांतून उड्या मारीत जाणारी बालवयांतली रोन, एवढेंच तेथें आहे. हीच नदी पुढें जिनीव्हाच्या सरोवरांतून फ्रान्समध्यें शिरते आणि ८१२ किलोमीटर चालून समुद्रास मिळते. वाटाड्यानें एका जुन्या चित्राची प्रत आमच्या हातीं दिली. चित्रांत हाच माळ, पण हिमानें भरलेला. पांढरा पंजा पसरावा तशी हिमनदी खोऱ्याच्या तळापर्यंत आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती खरोखरच येथवर होती. आम्हीं चित्रावरून मान वर केली तों समोर नुसता करडा, उघडा कडा. हिम कोठेंच दिसेना.

तें पाहण्यास नागमोडी वळणें चढून वर जावें लागतें. एका वळणावर बेल्व्हेदेर नांवाचें जुनें, प्रसिद्ध हॉटेल आहे; तें कांहीं वर्षांपासून बंद असून त्याच्या खिडक्या मिटलेल्या होत्या. तेथून हिमापर्यंत थोडी पायवाट आहे. अर्ध्या वाटेवर सौ. एकाएकीं थांबली. तिला श्वास पुरेना. ओठ पांढरे पडले. मी घाबरलों, हें सांगण्यास मला संकोच नाहीं. वाटाड्यानें शांतपणें तिला एका दगडावर बसविलें, गळ्याचें वस्त्र सैल करावयास सांगितलें, घोट घोट पाणी दिलें. मग बाकीच्यांकडे वळून तो म्हणाला, “आंडरमाटला कॉफीसाठीं ठेवलेला अर्धा तास आपण येथें खर्च करूं. चालेल ना? बाईंना बरें वाटलें नाहीं तर लगेच खालीं उतरूं.” कोणाच्याहि कपाळास आठी पडली नाहीं. ब्राझीलची धाकटी बहीण छत्री धरून सौ.जवळ बसून राहिली. वीस मिनिटांनीं सौ. उठली आणि म्हणाली, “अहो, आतां इतकी आलें आहें, तर उगम पाहूनच जाईन.” वाटाड्यानें तिची नाडी पाहिली, दहा पावलें चालवून पाहिलें, आणि मगच होकार दिला. पन्नासांच्या गर्दींत तिला बसमध्यें एकटीलाच बसून राहावें लागलें असतें. चिरंजीवांचें म्हणणें मला तेथें पटलें.

हिमाच्या टोकाशीं एक गुहा कोरलेली होती. एकोणिसाव्या शतकापासूनची ही प्रथा. हिम सरकतें व झिजतें, म्हणून ती पुनःपुन्हां नव्यानें कोरावी लागे. आंत गेलें कीं भिंती निळ्याशार उजेडानें भरलेल्या दिसत. परंतु बाहेरचें दृश्य पाहून मी जागच्या जागीं उभा राहिलों. गुहेवरचें हिम मोठमोठ्या पांढऱ्या कापडांनीं झांकलेलें होतें. कापडें मळलेलीं, फाटलेलीं. पुढ्यांत वितळलेल्या पाण्याचें तळें सांचलेलें. तेंहि गेल्या कांहीं वर्षांतलेंच.

“आजोबा, बर्फाला पांघरूण कशाला? त्याला काय थंडी वाजते?” नातीनें विचारलें. मीं भाषांतर करतांच सर्व हंसलीं. वाटाड्या मात्र हंसला नाहीं. पांढरें कापड ऊन परत फेकतें, म्हणून त्याखालचें हिम कमी वितळतें आणि गुहा उन्हाळाभर टिकते, असें त्यानें समजावून दिलें.

“मग सगळ्या नदीलाच का नाही घालत?”

“एवढें कापड कोठून आणावयाचें?” तो म्हणाला. “आणि ऊन अडवितां येतें, मुली, सारी हवाच तापली तर तिला कापड पुरत नाहीं.”

या हिमनदीचें मापन १८७४ सालापासून चालू आहे. त्या काळीं तिच्यावर रंगीत दगडांच्या आडव्या ओळी मांडून त्या किती पुढें सरकतात, हें वर्षानुवर्षें पाहत. म्हणजे हिमाच्या ऱ्हासाची ही गोष्ट ऐकीव नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या तिला साक्ष आहेत. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत मिळून स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचें सुमारें दहा टक्के हिम गेलें, असें पुढें तेथील मापनकर्त्यांनीं जाहीर केलें. हिम पूर्वींहि मागें हटलें होतें, ग्रिम्झेलचे खडक तेंच सांगतात, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. परंतु पूर्वीं ज्या गोष्टीस हजारों वर्षें लागलीं ती आतां माणसाच्या एका आयुष्यांत घडत आहे, आणि आपण जाळलेल्या कोळशाचा व तेलाचा धूर हें तिचें मुख्य कारण आहे. आम्हीहि तेथवर विमानानें व मोटारीनें, तेल जाळूनच गेलों होतों. हें लपवून हिमासाठीं हळहळणें शोभत नाहीं.

“मी आजी होईन तेव्हा हें असेल का?” नातीचा पुढचा प्रश्न. मीं वाटाड्याकडे पाहिलें. तो म्हणाला, “मी लहान मुलांशीं खोटें बोलत नाहीं. उष्मा असाच वाढत गेला तर फारच थोडें उरेल. तो आवरला तर कांहीं भाग वांचेल.” शास्त्रज्ञांचें सांगणें हेंच आहे. मग मला बोलावेंच लागलें. “बाळ, मी मुलांना हिम अक्षय आहे, असं शिकवीत असें. तें चुकलं.” तिनें क्षणभर विचार करून विचारलें, “मग त्या मुलांना आता कोण सांगणार?”

सौ.नें तोंवर वाटेकडेच्या ओहोळांत बाटली बुडवून ती भरून घेतली होती. उगमाचें पाणी, तें रिकाम्या हातानें सोडून येणें तिच्या हातून होण्यासारखें नव्हतें.

फुर्का या शब्दाचा लॅटिन भाषेंतील अर्थ बेचकें असा आहे, आणि माथ्यावर उभें राहिलें कीं तें नांव सार्थ वाटतें. पश्चिमेस रोन, पूर्वेस रॉइस नदीचा एक फांटा. उतारावर समोरून पिवळी टपालबस आली. वळणावर तिनें तीन सुरांचा कर्णा वाजविला आणि आमच्या गाडीनें मुकाट्यानें बाजू दिली. घाटांत तिचा मान पहिला!

आंडरमाटच्या खालीं शेल्लेनेनच्या दरींत रॉइस नदी ग्रॅनाइटच्या कड्यांमधून कोसळते. तेथें ‘सैतानाचा पूल’ आहे. दंतकथा अशी कीं, लोकांना पूल बांधतां येईना, तेव्हां सैतानानें तो बांधून दिला व मोबदल्यांत पहिल्यानें पूल ओलांडणाऱ्याचा प्राण मागितला. लोकांनीं बोकड पुढें हाकलला! चिडलेल्या सैतानानें पूल फोडण्यास शिळा उचलली. पण एका म्हातारीनें तिच्यावर क्रूस काढतांच त्याचें बळ सरलें. ती प्रचंड शिळा अजून गेशेनेन गांवाजवळ आहे. पुढें हमरस्त्याच्या आड आली म्हणून लोकांनीं ती फोडली नाहीं, तर १२७ मीटर बाजूस सरकविली. नातीस ही गोष्ट फार आवडली. मला विचार आला कीं, जी माणसें दंतकथेंतल्या दगडासाठीं एवढा खर्च करतात, तीं मनावर घेतील तर पुष्कळ कांहीं वांचवितील. याच दरींत १७९९ सालीं रशियन सेनापति सुवोरोव व फ्रेंच यांची लढाई झाली. कड्यांत कोरलेला मोठा क्रूस तिचें स्मारक आहे.

वासेनहून झुस्टेन घाट सुरू होतो. हा रस्ता १९३८ ते १९४५ या काळांत बांधला गेला. माथ्यावरील आखूड बोगदा ओलांडला कीं पलीकडे स्टाइन हिमनदी व तिच्या पायथ्याशीं एक तळें दिसतें. तेथें कोणी फारसें बोललें नाहीं. डच गृहस्थ बराच वेळ कठड्यास टेकून उभा होता. उतरतांना वाटाड्यानें सांगितलें कीं, सकाळची आरे आणि दुपारची रॉइस या दोघी डोंगरांत फारकत घेतात खऱ्या, पण खालीं ब्रुग गांवाजवळ भेटतात व मिळून ऱ्हाइनकडे जातात. सासरीं वेगवेगळ्या गेलेल्या बहिणी सणाला माहेरीं भेटाव्या, तशाच म्हणावयाच्या.

अशा सफरीस जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांस चार शब्द सांगतों. तुकडी लहान असावी व वाटाड्या त्या मुलखाचा असावा. खालीं ऊन असलें तरी लोकरीचे कपडे जवळ ठेवावे. घरांतील वडील माणसांनीं आपल्या प्रकृतीविषयीं भिडेखातर खोटें सांगूं नये, आणि ज्यांना हृदयाचा वा दम्याचा विकार आहे त्यांनीं वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून जाऊं नये. नातवंडांस बरोबर अवश्य न्यावें. जें आपण सवयीनें पाहत नाहीं तें त्यांना दिसतें. दुसऱ्याच्या मागून चालण्यांत म्हातारपणाचा कमीपणा नाहीं, हेंहि मी त्या दिवशीं शिकलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सौ.ची बाटली पाहिली तों वरचें पाणी निवळशंख झालें होतें आणि तळाशीं करड्या पिठाचा पातळ थर बसला होता. पाणी तिनें खिडकींतल्या कुंडींतील तुळशीस घातलें. पीठ नातीनें टाकूं दिलें नाहीं. “आजोबा, हें तुमच्या शाळेसाठीं,” असें म्हणून तिनें बाटलीचें झांकण घट्ट लावलें. ती बाटली आतां माझ्या टेबलावर, जुन्या नकाशाशेजारीं आहे. शेजारचीं मुलें आलीं कीं मी ती हालवून दाखवितों आणि माझें जुनें वाक्य दुरुस्त करून सांगतों: या नद्या हिमांतून निघतात, जोंवर हिम आहे, तोंवर.